दहा सेकंद

नागपूरचा मे. मानेवाडा रोड, शेहेचाळीस अंश.
यूपीएस अर्ध्या तासाचा, म्हणून कूलर बंद.
प्रज्योत म्हणाला, "हात नको लावू ताई,
डिस्क सरकून राहिली."

पाचशे जीबीत एक रेघ:
अलीकडे बाबांचं विंडोज,
टॅलीतली उधारी,
दुसरीकडे कुठेच न उघडणारा मराठी फॉन्ट;
पलीकडे त्याचं लिनक्स, कोरं.
बांध कुठे घालायचा
यावरून सकाळीच भांडलो होतो.
चाळीस जीबी जास्त मागितले मी
मेलेल्या माणसासाठी.

एक्क्याण्णव टक्के. घाम कीबोर्डवर.

मग काळा पडदा, दोन ओळी,
दहापासून उलटे आकडे.
कोणीच काही निवडलं नाही
तर बाबा सुरू होतात.

"तसंच ठेवलं ना मी," तो म्हणाला,
आणि कूलर लावायला उठला.