चालू

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
सोळा कॅमेरे आहेत
आणि त्या सोळांना बघणारी मी एक.
खोलीत एसी आहे. तो रेकॉर्डिंगच्या डब्यासाठी,
मला फुकटात लागतो.
बाहेर मे महिना, पत्रा तापून कडकड वाजतो.

अकरा नंबर मोरीच्या बोळात.
"आत थोडाच लावलाय?" शेठ म्हणतात.
खरंय. आत कशाला लागतो?
दारातून गेली कधी, आली कधी, मी वहीत लिहिते.
दिवाळीनंतर वहीत एक रकाना वाढला: कारण.

बालमणी बोल्लीच्या तारखा मला पाठ आहेत,
तिच्या नवऱ्याला नसतील.
मुनाफ पगाराच्या दिवशी नोटा दोनदा मोजतो
आणि एक मोज्यात घालतो, हे त्याच्या घरी माहीत नसेल.
शंकरय्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतो, मिटतो,
जेवल्यासारखे हात धुतो.
मी यातलं काही मागितलं नव्हतं.
टॉवेलची तूस बसते ना अंगावर,
घरी जाऊन न्हालं तरी कानामागे राहते,
तसं.

आई विड्या वळायची.
शाखेत चेकर बंडल फोडायचा, मूठभर छाट बाजूला,
तेवढे पैसे गेले.
घरी आली की सूप आपटून तेलुगूत त्याच्या सात पिढ्या काढायची,
मग दम लागला की स्वतःलाच म्हणायची, चालु.
म्हणजे पुरे.
पण तो चेकर विडीच बघायचा.
वळताना आई रडली, की हसली कुणाला आठवून,
ते पानात गुंडाळलं जायचं, वरून दोरा.
कुणी फोडलं तरी आत तंबाखूच.

सोळावा कॅमेरा माझ्या पाठीमागे आहे.
त्यात माझी वेणी, माझी मान,
मानेपुढे पुन्हा सोळा चौकोन, बारीक.
तो शेठच्या मोबाईलवर जातो.

लावण्या चिट्याल काठ शिवते.
बाळ अडीच महिन्यांचं, नीलम नगरात सासूकडे.
परवा दुपारी ती सहा नंबरात आली,
गठ्ठ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसली.
कॅमेरा भिंतीवरच होता, तिच्या डोक्यावर.
तिनं बटणं काढली,
डागी नॅपकिनची घडी धरली खाली
आणि पिळू लागली, दात दाबून.

मी तोंड फिरवलं.
त्या खोलीत तोंड फिरवायला भिंत एकच,
तिच्यावर कॅलेंडर, सिद्धेश्वराच्या तळ्याचं.
तळ्यातल्या पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
मग लिहिलं: चिट्याल, अकरा मिनिटं,
कारण: धागा तुटला.

दुसऱ्या दिवशी धागा तुटला.
तिसऱ्या दिवशी दोनदा.
"सूत हलकं आलंय की काय," शेठ म्हणाले.
मी म्हटलं, असेल.
मिस्त्रीनं तिचं मशीन खोललं, तेल घातलं,
सुई बदलली, काही सापडलं नाही.
जाता जाता शेठनी विचारलं,
"तुझी मान दुखते का गं? दुपारची सारखी कॅलेंडरकडे असते."
मी म्हटलं, हो, उशी बदलायला झालीय.

आज कॅमेरावाला पोरगा आलाय.
सहाचा कोन बदला म्हणून हुकूम आहे,
गठ्ठ्यांमागचं सगळं दिसलं पाहिजे.
तो शिडीवर, मी पडद्यापुढे, मधे लूमचा खडखडाट.
कॅमेरा हळूहळू फिरतो.
गठ्ठे येतात. भिंत येते. ओला डाग येतो जमिनीवर.
तो अजून फिरवतो, जरा जास्तच,
आता ट्यूबलाइट, कोळ्याचं जाळं,
पत्र्याचं एक भोक, त्यातून ऊन.

"मॅडम," तो ओरडतो, "चालू?"

माझ्या पाठीमागे सोळावा.
मी मान जराही न हलवता
आईच्या आवाजात म्हणते,
चालु.

त्याला मराठीत ऐकू गेलं.
स्क्रू आवळून तो शिडी घेऊन गेला.