परत बोलावणं

पत्र आलं ते ऑलिव्ह पेटिटबाईंच्या नावानं.
या गाडीच्या त्या पहिल्या मालकीण, केंटकीच्या.
पाकिटावर पिवळी चिठ्ठी, तिच्यावर दुसरी,
दोन पत्ते खोडून तिसरा आमचा:
पोर्ट हॅलम, ओहायो, तळमजला, मागचं दार.

मजकूर असा, की चालकाशेजारच्या सीटपुढची एअरबॅग
फुगताना फुटू शकते, धातूचे तुकडे उडू शकतात,
तरी दुरुस्ती होईपर्यंत त्या सीटवर
कोणालाही बसवू नये.
सुटा भाग तूर्त उपलब्ध नाही.

"कोणालाही म्हणजे कोण?" बाबा म्हणाले.
"या गाडीत माझ्याशिवाय बसतंय कोण?"
आणि काठी आधी आत टाकून
मागे जाऊन बसले.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार
डायलिसिसला जाताना मी पुढे, ते मागे,
टॅक्सी केल्यासारखे.
आरशात त्यांची लोकरी टोपी दिसते
आणि एक भुवई.
पुढच्या रिकाम्या सीटवर त्यांचा डबा,
त्याला मी पट्टा लावते, नाहीतर गाडी टुणटुण करते.

मागे बसून ते फोनवर तक्रारी वाचतात,
याच सालच्या, याच मॉडेलच्या, मोठ्यानं,
चष्मा कपाळावर, फोन नाकाशी.
नेब्रास्काचा एकजण:
सत्तरच्या वेगात इंजिन गप्प झालं,
मागे ट्रक होता, पोरं झोपली होती.
मेनमधली बाई: मेकॅनिकनं चौकटीला बोट लावलं,
बोट आत गेलं.
कोणाची मागची काच आपोआप खाली येते,
फक्त चर्चच्या आवारात.
कोणी एवढंच लिहिलंय:
तीन वेळा कळवलं. हे चौथं.

"काचेचं खोटं," बाबा निकाल देतात.
"गंजाचं खरं."
आमच्याकडे बर्फावर इतकं मीठ टाकतात
की गाड्या जन्मभर मीठ खातात
आणि शेवटी मीठच त्यांना खातं.

"दोन हजार सहा. तेव्हा मी दुसऱ्या पाळीत.
एअरबॅग आमची नव्हे हं.
ती बाहेरून यायची, खोक्यात."
हे त्यांनी मला सांगितलं, नर्सला सांगितलं,
शेजारच्या खुर्चीवरच्या मिस्टर ओकाफोरांना
सुई टोचलेली असताना सांगितलं.

फेब्रुवारीत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर
डेव्हिन नावाचा पोरगा, कोवळी दाढी,
म्हणाला, पार्ट आला की आम्ही बोलावू.
बाबा हसायला लागले, खोकला येईपर्यंत.

गाडीत बसल्यावर म्हणाले,
"आठच्या डिसेंबरात आम्हालाही असंच म्हणाले होते.
ऑर्डरी आल्या की बोलावू.
यादीत माझा नंबर एकशे बारा."
कितव्यापर्यंत बोलावलं, मी विचारलं.
वायपर दोनदा फिरले.
"एकोणीस."
मग खिडकीतून ते पलीकडे बघत राहिले,
जिथं आता कुत्र्यांच्या खाण्याचं गोदाम आहे.

एकदा सीटखाली हात घातला तर
हाताला केसांची पिन लागली, तांबूस, वाकलेली.
ती मी अजून टाकलेली नाही.
पेटिटबाई, तुम्ही असाल तिथं
पुढे बसता की मागे?

एप्रिलात पत्र आलं, पुन्हा त्यांच्याच नावानं.
पार्ट आला होता. चाळीस मिनिटांचं काम,
कॉफी फुकट.
डेव्हिननं किल्ल्या दिल्या, म्हणाला,
आता कुठेही बसा, सर.

मी पुढचं दार उघडून धरलं,
डबा उचलून घेतला.
बाबा तिथं आले, सीटकडे पाहिलं,
सीटवर हात ठेवला, थंड आहे का बघावं तसा.
मग दोन पावलं मागे सरकले,
मागचं उजवं दार उघडलं,
आधी काठी, मग ते.

"सव्वीस वर्षं हेच बसवलं," म्हणाले,
"मागचं उजवं. मिनिटाला एक.
आतून ऐकायला कधी मिळालं नाही."

आणि दार ओढून घेतलं.

"ऐकलंस?"