सतरा अंश

बाहेर सेहेचाळीस.
सावद्यात या वेळी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
पिकवण कोठीच्या गार भिंतीला पाठ लावून
मी थर्मोडायनॅमिक्स उघडते.
आत छतापर्यंत क्रेट, हिरवी कच्ची केळी,
चार दिवसांत पिवळी होतील.
माझ्या सीईटीला अकरा उरलेत.

निंबाकाका कॉम्प्रेसरला कान लावतात,
वैद्यानं नाडी धरावी तसे.
"गॅस उतरला वाटतं, पोरी.
आतली गरमी बाहेर फेकत नाही तो."
मी पान उलटते. बरोबर आहे.
पुस्तकात त्याच गरमीला क्यू म्हणतात.

भुसावळच्या क्लासचे सर म्हणतात,
मुलींनी कॉम्प्युटर घ्यावं, मेकॅनिकल जड जातं.
मागच्या मॉकला एक्क्याऐंशी पर्सेंटाइल.
"शंभरातले एक्क्याऐंशी? लय झाले की!"
काकांना मी सांगत नाही,
ते मार्क नव्हेत,
मागे राहिलेली पोरं आहेत,
एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

परवा रात्री लाइट गेली, जनरेटर धरेना.
काकांनी टॉर्च दिला, मग बेल्टचं टोक.
"वढ."
ओढला.
साबणानं तीनदा धुतले हात,
तरी रफ वहीवर, बाविसाव्या प्रश्नाशेजारी
अंगठा काळा उमटलाच.

प्रश्न मोठ्यानं वाचला :
एक शीतयंत्र आहे. घर्षण शून्य, गळती शून्य.
ते आदर्श समजा.

काका पान्हा पुसत थांबले.
"असं मशीन
मी तं अजून पाह्यलं नाही, बाई.
कुठल्या गावचं आहे?"