मानशीकार

पहाटे चारला औषध पाजलं आणि खोलीचे पडदे ओढले.
आता उद्यापर्यंत ऊन नको, मी म्हटलं, कातडी भाजेल.
कायतान हसला. तोंड आंबट करून म्हणाला,
उन्हाची सवय कुणाला आहे, बाये?
जन्म गेला मानशीवर, रात्रीचा.

दिवाडीचा तो. ओहोटी लागली की
दारापाशी जाळं बांधायचं, कंदील टांगायचा
आणि गप्प बसायचं.
सुंगटं आपणच येतात उजेडाला.
आणि दार? मी विचारलं, उगाच, सलाइन लावता लावता.
दार कधी पुरतं मिटत नाही, म्हणाला,
थोडं खारं झिरपतंच खाजनात.
कोरगूट उगवतो तरी.

थिएटरात माझं एक काम ठरलेलं:
डॉक्टर कुंकळयेकर 'आता' म्हणाल्या की दिवे मालवायचे.
सगळे. मॉनिटरवरही कापड.
मग निळा प्रकाश,
आणि त्यात ते, जे आतापर्यंत
बाकीच्या मेंदूसारखंच करडं दिसत होतं:
मधोमध बिरंडाच्या आगळासारखं लालभडक,
कडेकडेला सोलकढी,
आणखी कडेला
सोलकढी पिऊन झालेला पेला.

नेमकं तिथेच हात सावकाश होतात.

कायतान जागा होता. हिरव्या कापडापलीकडे
प्रतीक्षा एकेक चित्र धरत होती छोट्या बॅटरीत.
होडी.
पेर.
मासो... बांगडो, बांगडो तो.
मग फणीचं चित्र, आणि तो अडला.
ती... सकाळी... आंजेलीन... ती...
डॉक्टरांनी टोक उचललं.
दांतोणी! तो म्हणाला, रागाने,
जणू कुणी खिशातून काढून घेतली होती.

पुन्हा टोक. पुन्हा तेच.
मोहरीएवढा गुलाबी ठिपका.
खोलीत सक्शनचा आवाज तेवढा.
राहू दे, डॉक्टर म्हणाल्या. कुणालाच नाही.
दिवे लाव, जुवाना.

मी लावले.
पांढऱ्या उजेडात तिथे काहीच नव्हतं.

रात्री राउंडला गेले तेव्हा पडदे तसेच.
बांबोळीच्या हायवेवरचे ट्रक भिंतीतून ऐकू येत होते.
डोकं बांधलेला तो अंधारात टक्क जागा.
ओहोटी कितीला? त्याने विचारलं. प्रत्येक अक्षर नीट.
मी मोबाइल पदराआड धरून पाहिलं.
एक पन्नास.
म्हणजे अजून वेळ आहे, म्हणाला,
आणि कुशीवर वळायला बघू लागला.
मी वळू दिलं नाही.