नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव

अबरिस्टविथच्या वरच्या अंगाला, चढावर,
मेंढ्यांच्या कुरणात पाच अँटेना उभ्या आहेत, फुलीसारख्या.
कुरण मेन्ना प्रिदर्खचं. भाडं वर्षाचं ठरलेलं,
शिवाय नाताळात एक बाटली. हे करारात नाही.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं: वारा मोजता ना,
मग सांगा, दुपारपर्यंत चादरी वाळतील?
मी म्हटलं, आमचा वारा नव्वद किलोमीटर वर असतो.
मग माझ्या काय कामाचा, ती म्हणाली,
आणि चिमटे तोंडात धरून दोरीकडे वळली.

तिथं वर ढग नाहीत. पक्षी नाहीत.
फुगा तिथवर चढत नाही, यान तिथं टिकत नाही.
म्हणून आम्ही धुळीची वाट पाहतो.
वाळूच्या कणाएवढं काहीतरी येतं, कुठल्याशा धूमकेतूचं झडलेलं,
जळतं, आणि मागे विजेची एक रेघ ठेवतं.
रेघ अर्धा सेकंदही धड जगत नाही.
तेवढ्यात वारा तिला ढकलतो,
तेवढ्यात आमची लहर तिला शिवून परत येते
किंचित ताणलेली
किंवा किंचित आखडलेली.
त्या किंचितात सगळं आलं.

आई तासगावहून फोनवर विचारते, नक्की करतेस काय?
वारा मोजते.
म्हणजे वाऱ्याची मोट बांधतेस म्हण.
हो, आई. दर तासाला एक.

ग्विलिम इथं अठ्ठावीस वर्षं होता.
वहीत पेन्सिलनंच लिहायचा; शाई पावसात पसरते, शिसं नाही.
पहाटे सहाला उल्का सगळ्यात जास्त, तो सांगायचा,
तेव्हा पृथ्वीची आपली बाजू पुढे असते.
किडे गाडीच्या पुढच्या काचेवर आपटतात, मागच्या नाही.
संध्याकाळी तुरळक. तेव्हा चहा.
खाली समुद्राला येते तशी वर हवेलाही भरती येते,
वारा पूर्वेला निघतो, विचार बदलतो, परत फिरतो,
दिवसातून दोनदा.
आणि हे, बोटानं वहीवर ठोकून:
इथं शून्य लिहू नकोस.
वारा नव्हता, ही एक गोष्ट.
होता की नव्हता ते कळलं नाही, ही दुसरी.
दुसरीसाठी नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
इतका वेडा आकडा, की त्याला कुणी वारा समजणार नाही.

फेब्रुवारीत एका मेंढीनं केबल चावली.
एकवीस तारीख, रात्री एक दहा ते पाच चाळीस.
मी दातात टॉर्च धरून चिखलात सांधा जोडत होते.
ग्विलिम त्याच रात्री, खाली गावातल्या हॉस्पिटलात.
मला कुणी कळवलं नाही.
कळवलंही असेल. फोन गाडीत होता.

चॅपलमध्ये सगळे वेल्शमध्ये गायले, चार चार सुरांत.
मला एक शब्द कळला नाही, तरी उभी राहिले.
बाहेर मेन्नाला विचारलं, शेवटी काही बोलला का?
नर्स चादर बदलायला गेली होती, ती म्हणाली,
तेवढ्यात. कुणी नव्हतं.

मे महिन्यात कॅलम म्हणाला, ते साडेचार तास भरून टाकू,
अलीकडचा आकडा, पलीकडचा आकडा, मध्ये सरळ रेघ,
आलेख छान दिसेल.
मी नको म्हटलं. का, विचारलं त्यानं.
चहा ओतत राहिले.

आज सहाला चांगली धूळ पडली.
वर अडतीस मीटर सेकंदाला, पूर्वेकडे.
अंगणात चादरी सरळ खाली लोंबत होत्या, एक कोपराही हलत नव्हता.
मेन्नानं कुंपणावरून हाक मारली, कुठे गेला गं तुझा वारा?
वर आहे, मी म्हटलं. जोरात आहे.
मग जा, ती म्हणाली,
आणि ओली टोपली माझ्या हातात दिली.