शकेन

मार्च. हॉइक गाव, चढावरचं तिसरं घर.
माझ्या हातात हॉस्पिटलचा फॉर्म:
जिना चढू शकतात – हो / नाही.
किटली उचलू शकतात – हो / नाही.
शर्टाची बटणं – हो / नाही.

ॲडम रेनविक, वय एक्क्याऐंशी,
छत्तीस वर्षं काश्मिरी लोकरीच्या गिरणीत.
डावा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

जिना? मी विचारलं.
‘आय यूस्ट टू कुड,’ तो म्हणाला,
तेरा पायऱ्यांकडे न बघता.
किटली?
‘माइट कुड. अर्धीच भरली तर.’
बटणं?
इथे तो थांबला.
‘आज नाही. पण आय’ल कॅन.
जूनपर्यंत आय’ल कॅन.’

जूनमध्ये त्यांच्या गावाची घोडी निघतात,
शिवेवरून फिरून येतात.
त्या दिवशी कॉलर उघडी टाकून
बाहेर पडणं बरं दिसत नाही, म्हणे.

हे इंग्रजी मला कुणी शिकवलं नव्हतं.
आमच्या बाईंनी वहीत लाल रेघ ओढली असती:
विल तरी, नाहीतर कॅन.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.
पण बाई, तास संपल्यावर तुम्हीच ना
दारात चप्पल शोधत म्हणायचात,
‘उद्या बहुतेक येऊ शकेन’?
जमणं आणि उद्या, एकाच घासात.
ॲडम तेच म्हणत होता,
फक्त त्याला ते ओढ्यातल्या दोन दगडांवर
एकेक पाय टाकत म्हणावं लागत होतं.

फॉर्मवर जूनसाठी चौकोन नव्हता.
मी ‘नाही’वर खूण केली.
पगार त्याचाच मिळतो.

मग माझी रजा, मग दुसऱ्या गावची पाळी.
परत गेले तेव्हा जूनचा पहिला आठवडा,
खिडक्या-खिडक्यांतून निळे-पिवळे झेंडे.
बेल वाजवली. दोनदा.
शेजारच्या मिसेस टेट कुंपणावर पायपुसणं झटकत होत्या.
‘ही मसन्ट बी इन,’ त्या म्हणाल्या.

असता कामा नये?
माणसाला त्याच्याच घरात
कोण मनाई करतं?
चौकशी कुठे करायची, कुणाच्या सहीचा कागद,
माझं डोकं लगेच ऑफिसात जाऊन पोचलं.
त्यांनी पायपुसणं आणखी एकदा आपटलं,
धूळ माझ्याकडे आली,
आणि मग उमगलं:
नसावा.
एवढंच. घरी नसावा.

तरी टपालाच्या फटीला डोळा लावला.
तेरा पायऱ्या.
खुंटीवर काठी.
खाली फरशीवर एक बटण,
पांढरं,
दोरा अजून त्यातच.