टिपणीसांची टिपणं

वागळे इस्टेटीतल्या कंपनीनं बाबांना मोकळं केलं
त्या पैशांतून त्यांनी एक जुनी ओम्नी घेतली, बिस्किटी रंगाची,
आणि नौपाड्यात शहांच्या रद्दीतून, चार रुपयांना,
मोटारीने देश फिरणाऱ्यांसाठीचं एक मार्गदर्शक.
मागच्या बाजूनं वाळवीनं आसाम खाल्लेला.
पहिल्या पानावर सही: चिं. रा. टिपणीस, चरई, ठाणे.
तारीख नाही.

आम्ही कलकत्त्याला निघालो, विमलआत्याकडे,
जिचं बोलावणं अकरा वर्षं जुनं होतं.
आई पुढे, पुस्तक मांडीवर.
मागे मी, पुष्कर आणि स्टोव्ह.
स्टोव्हला खिडकी, कारण त्याचा वास.

छापलेलं काही कामाचं नव्हतं.
'उत्तम धर्मशाळा' होती तिथे टायरचं दुकान.
'नदी होडीने ओलांडावी' तिथे पूल,
आणि पुलावर टोल.
पण समासात पेन्सिल होती,
बारीक, उजवीकडे झुकलेली:

कसारा. इंजिनास पाणी. आपणही प्यावे.
पारोळे. चहा बरा. कप विसळून मागणे.
खामगाव. सुलभाने गाडीत छत्री उघडली.
कोंढाळी. संत्री मोजून घ्यावीत.
भंडारा. सुलभा रुसली.

धुळ्याच्या पुढे बाबा एवढंच विचारायचे,
"टिपणीस काय म्हणतात?"
पारोळ्याचा चहा खरंच बरा निघाला.
कोंढाळीत डझनाला एक कमी भरलं
आणि आई म्हणाली, बघा, माणूस जाऊन आलेला आहे.
भंडाऱ्याला मुक्काम केला
तो सुलभा कशावरून रुसली असेल या वादात.
पुष्कर म्हणाला, खिडकीवरून.
बाबा म्हणाले, पैशांवरून.
आई स्टोव्हला पंप मारत राहिली, जरा जास्तच.

सरायपालीला पेन्सिल थांबली.
पुढे संबळपूर कोरं, केंदुझर कोरं,
थेट हावड्यापर्यंत समास पांढरा.
बाबांनी गाडी बाजूला घेतली,
रस्ताच संपल्यासारखी.
"मेले का?" पुष्करनं विचारलं
आणि आईनं त्याला चिमटा काढला.
तिथून कलकत्त्यापर्यंत
बाबा चाळीसच्या वर गेले नाहीत.

आत्याकडे आठ दिवस. रोज मासे, गोड्या पाण्यातले,
बाबांनी तक्रार न करता खाल्लेले.

परतल्यावर पहिल्याच रविवारी
आम्ही चौघं चरईत, पत्ता विचारत.
दुसरा मजला, जिन्यात सायकल.
दार उघडलं ते एका बारीक,
उजवीकडे झुकलेल्या माणसानं.

बाबांनी पुस्तक पुढे केलं.
"सुनेनं माळा काढला दिवाळीत," ते म्हणाले,
पुस्तकाला की आम्हाला, कळलं नाही.
मग, जरा लाजून,
"आम्ही कुठे गेलो नाही हो.
कचेरीतला कारकून मी, गाडी कुठली?
संध्याकाळी तलावपाळीवर बसायचं, दोघांनी.
रोज एक पान."

"पण पारोळ्याचा चहा?"
"आमचा शिपाई तिकडचा. फार आठवण काढायचा."
"आणि संत्री?"
"मोजून घ्यावीतच की. कुठेही."

सरायपालीचं आईनंच विचारलं,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत.
"तिथे रजा संपत आली," टिपणीस म्हणाले.
"महिन्याची हक्काची रजा.
परतीचे दिवस धरायला नकोत?"

आतून चहा आला. मागून बाई,
पांढऱ्या केसांत अबोली.
बाबा उठून उभेच राहिले.
"सुलभा, ही मंडळी जाऊन आली,
आपल्या रस्त्यानं."

तिनं प्रत्येक कप उजेडाकडे धरून पाहिला,
एक पुन्हा विसळून आणला.
पुस्तकाकडे नजरही टाकली नाही.

"भंडाऱ्याला मी रुसले नव्हते," ती म्हणाली.
"मला गाडी लागत होती.
यांना तेव्हाही सांगितलं होतं."